उन्हाळा, पाऊस आणि आपली बिल्डिंग: सोसायटीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी बिल्डिंग दुरुस्तीची कामं बघतो, पुण्यात जास्त, अधूनमधून मुंबईत. पूर्वी लोक फक्त गळतीचं विचारायचे. आता मार्च लागला की वरच्या मजल्यावाले गरम होतंय म्हणून फोन करतात आणि जून लागला की खालच्या मजल्यावाले पाणी शिरतंय म्हणून. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे लांबलंय, बाकी ठिकाणी दोन ओळीत आटपलंय.

पुण्यामुंबईत कुठे चंद्रपूरसारखं ४५ होतं? मग एवढं काय त्यात?

नुसता आकडा बघू नका. हवामान खातं सपाटीच्या भागात पारा ४० ला पोचला की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, पण किनारपट्टीला तीच मर्यादा ३७ आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले, त्या दिवशी तिथे पारा काही ४५ ला नव्हता. आणि खरा त्रास रात्रीचा असतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर रात्री उष्णता सोडत बसतं, शहराच्या मधल्या भागात पहाटेपर्यंत थंडावा येतच नाही, झोप होत नाही, म्हाताऱ्या माणसांना आणि बीपीवाल्यांना ते जास्त बाधतं.

टेरेसला पांढरा रंग मारला की खरंच फरक पडतो का, का नुसती फॅशन?

पडतो. सगळ्यात वरच्या मजल्याला पडतो, खालच्यांना जवळपास नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर मीटिंगमध्ये भांडणं नकोत.

कारण साधं आहे. मेच्या मध्यावर पुण्यामुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. त्या आठवड्यांमध्ये भिंतींपेक्षा कितीतरी जास्त ऊन स्लॅब खातो. करड्या सिमेंटचा किंवा काळ्या डांबरी शीटचा टेरेस दुपारी सहज ६० अंशाच्या पुढे तापतो, आणि ती उष्णता स्लॅबमधून खाली उतरायला काही तास घेते. म्हणून तुम्ही ऑफिसातून येऊन रात्री नऊ-दहाला पंखा लावता तेव्हा पंखा गरम हवा अंगावर मारतो. पंखा खराब नसतो, वरचा स्लॅब भट्टी झालेला असतो. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, त्यामुळे मुळात आत उष्णताच कमी जाते. खोलीत दोन ते चार अंशांचा फरक बऱ्याच घरांमध्ये मिळतो. कमी वाटतो, पण रात्री एक वाजता झोप लागणं आणि अकराला लागणं एवढा तो असतो.

विश्वास नसेल तर टेरेसच्या एका कोपऱ्यात दहा बाय दहाचा तुकडा रंगवा आणि एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी तीनला अनवाणी उभे राहून बघा. पांढऱ्यावर उभं राहता येतं, शेजारच्या करड्यावर पाय ठेवला की उडी मारता. कमिटीतल्या शंकेखोर काकांना हे एकदा करायला लावलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

अहमदाबादने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन (उष्णतेच्या लाटेत काय करायचं त्याचा आराखडा) केला, पुढे तिथे वस्त्यांमधली पत्र्याची आणि स्लॅबची छपरं पांढरी करायची मोहीमही घेतली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची, म्हणजे ऊन परत फेकणाऱ्या छपरांची, वेगळी पॉलिसीच आणली. आपल्याकडे अजून लोक हे हौशी कामात धरतात.

चुना मारायचा का महागडं कोटिंग?

बजेट नसेल तर चुना. थोडं फेव्हिकॉल टाकून दोन हात मारले की एक उन्हाळा निघतो, पावसात धुपून जातो, पुढच्या फेब्रुवारीत परत मारा. कोटिंग घ्यायचं असेल तर डब्यावर सोलर रिफ्लेक्टन्स (पडलेल्या उन्हातला किती भाग परत फेकतो ते, ० ते १ मध्ये) किती लिहिलाय ते बघा, नुसतं "हीट प्रूफ" लिहिलेलं असेल आणि आकडा नसेल तर दुकानदाराला डबा परत द्या. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत सपाट कूल रूफला किमान ०.६० मागितलाय, चांगली कोटिंगं त्याच्या बरीच वर असतात. धूळ बसली की गुण बराच उतरतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर टेरेस एकदा धुवा. हे कोणी करत नाही.

सगळ्यात टिकाऊ म्हणजे जुनं चायना मोझॅक, पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं. वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) कधीतरी नव्याने करायचाच असतो, त्याच वेळी वर चायना मोझॅक करून घ्या, एका खर्चात दोन कामं.

एक सावधगिरी. स्लॅबला भेगा असतील तर आधी त्या भरा. रंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही, काही कॉन्ट्रॅक्टर तसं सांगून विकतात.

टेरेसवर पत्र्याची शेड टाकली तर?

सावली पडते हे खरं, पण परवानगी लागते, वाऱ्याला धोका असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात घुसलं तेव्हा कोकणात पत्रे आणि कौलं कशी उडाली ते आठवा. त्यापेक्षा उंच स्टँडवर सोलर पॅनल लावा, सावलीही मिळते आणि कॉमन लाइटचं बिलही उतरतं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजारांची सबसिडी ठरली होती, अर्ज करताना ताजी माहिती बघून घ्या.

आमचा फ्लॅट नवीन आहे, मिव्हानचा. भिंती रात्री हाताला गरम लागतात, असं का?

कारण तुमच्या बाहेरच्या भिंती विटांच्या नाहीत, काँक्रीटच्या आहेत. मिव्हान म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात. बिल्डरला काम फटाफट होतं, भिंत मजबूत असते, भूकंपाला चांगली. पण दीडशे-एकशेसाठ मिलिमीटरचं उघडं काँक्रीट उष्णता सरळ आत सोडतं. भिंतीतून किती उष्णता जाते ते यू-व्हॅल्यूवरून कळतं. अशा काँक्रीट भिंतीची ती तीनच्या वर जाते, आठ इंची एएसी ब्लॉकच्या (आत हवेची छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीची पाऊणच्या आसपास असते. म्हणजे चौपट फरक, आणि ब्रोशरमध्ये दोन्हीला "प्रीमियम कन्स्ट्रक्शन" म्हणतात.

आता भिंत काही बदलता येत नाही. बाहेरून फिकट रंग ठेवा. सोसायटीचं पेंटिंग निघेल तेव्हा कोणीतरी चॉकलेटी आणि डार्क ग्रेचं कॉम्बिनेशन सुचवतंच, तिथे उभं राहून विरोध करा. पश्चिमेच्या भिंतीला आतून कपाटांची रांग लावली तरी थोडा फायदा होतो. पण नवीन घर बघत असाल तर सँपल फ्लॅटमधल्या मार्बलच्या आधी बाहेरची भिंत कशाची आहे ते विचारा.

पश्चिमेकडे मोठी काच आहे, जाड पडदे लावले तर चालेल ना?

पडदा आत असतो, ऊन तोपर्यंत काचेतून घरात आलेलं असतं. अडवायचं ते काचेच्या बाहेर. दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो कारण तिथे सूर्य उंच असतो, पश्चिमेला सूर्य तिरपा येतो म्हणून उभ्या पट्ट्या, जाळी, बांबूची चिक किंवा सरळ झाड. चिक बाहेरच्या बाजूने लावायची. स्वस्त आणि मस्त.

खिडक्या भरपूर आहेत तरी हवा का येत नाही?

स्लायडिंग खिडकी आहे ना? ती कितीही मोठी असली तरी उघडते अर्धीच. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याची खिडकी ९० टक्के उघडते. घरांसाठीची इको निवास संहिता म्हणून जी आहे, २०१८ ची, त्यात मुंबईसारख्या दमट हवेसाठी कार्पेटच्या (घराच्या आतल्या क्षेत्रफळाच्या) किमान १६.६६ टक्के एवढी उघडणारी जागा मागितलीय. ६० चौरस मीटरच्या घराला १० चौरस मीटर झाली, आणि तेवढी स्लायडिंगने मिळवायची तर खिडक्याच २० चौरस मीटरच्या लागतील. बहुतेक टू बीएचके यात नापास होतात. शिवाय हवा आत यायला एक बाजू आणि बाहेर जायला दुसरी लागते. ज्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या एकाच भिंतीला आहेत तिथे समोरचा नजारा कितीही छान असला तरी मे महिन्यात दरवाजा उघडा ठेवून झोपावं लागतं.

एसी लावला की विषय संपला, नाही का?

तुमच्यापुरता, लाइट असेपर्यंत. एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो, आणि हल्ली सगळे आउटडोअर युनिट एकाच डक्टमध्ये एकावर एक लावतात, त्यामुळे खालच्याची गरम हवा वरचा युनिट ओढतो, वरच्याचं बिल जास्त येतं, आणि डक्टकडे ज्याच्या बेडरूमची खिडकी आहे तो बिचारा ती उघडूच शकत नाही. लावा, मी नको म्हणत नाही, पण आधी छप्पर आणि खिडकी बघा म्हणजे दीड टनाच्या जागी एक टन पुरेल. १८ वर ठेवू नका, एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते.

घर घेताना पूररेषा बघा म्हणतात. ती कुठे आणि कशी बघायची?

हा प्रश्न लोक टोकन दिल्यानंतर विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

महाराष्ट्रात नदीला दोन पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथे बांधकाम नको. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे अटींवर परवानगी मिळते, जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं. रेषा जलसंपदा विभाग आखतो आणि त्या महापालिकेच्या विकास आराखड्यावर उतरवतात. तर पालिकेकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, त्यात रेषा दिसते.

आता खरी गंमत. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा आला की पुढची २५ वर्षं निवांत, असा नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, असा आहे. तुमचं होम लोन वीस वर्षांचं असेल तर ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा तरी बघायची शक्यता ५६ टक्के निघते. लाल रेषेच्या पुराची १८ टक्के. आणि हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवरचं, पाऊस थोड्या तासांत जास्त पडायला लागला की ते आणखी बिघडतं. वर नदीत भराव पडतो, पूल होतात, पात्र आवळतं, मग तेवढंच पाणी आधीपेक्षा उंच चढतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांमध्ये पाणी घुसलं, यापेक्षा जास्त विसर्ग पुण्याने आधी पाहिलेला आहे.

कागद बघून झाले की एक काम करा. त्या जागेशेजारी पंधरा-वीस वर्षं जुनं किराणा दुकान किंवा गॅरेज असतं, तिथे चहा घेत विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. शटरवर हात ठेवून दाखवतात. ते कोणत्याही ब्रोशरपेक्षा खरं.

पण आमच्याकडे नदीच नाही. मग पाणी कुठून येणार?

ओढ्यातून. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात नदीने नाही, आंबिल ओढ्याने घात केला. कात्रजकडून येऊन सहकारनगर, दांडेकर पूल असा वस्तीतून जाणारा ओढा, एरवी लोक त्याला नाला म्हणून नाक दाबून पुढे जातात. त्या रात्रीच्या पावसात सोसायट्यांच्या भिंती पडल्या, गाड्या एकमेकांवर चढल्या, पुणे परिसरात वीसच्या वर माणसं गेली. नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तसंच झालं, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली. दोन्हीकडे लोक झोपेत होते.

ओढा अरुंद केला, पाइपात घातला, त्यावर स्लॅब टाकून पार्किंग केलं तरी पाणी आपली वाट विसरत नाही. म्हणून सातबारासोबत गाव नकाशा काढा, जुन्या गाव नकाशावर ओढे दाखवलेले असतात. तुमच्या प्लॉटमधून किंवा कडेने एखादी रेघ जात असेल आणि जागेवर तिथे सपाट लॉन दिसत असेल तर विचारा, पाणी आता कुठून जातं? सेल्स ऑफिसमधल्या पोराला उत्तर माहीत नसतं, आर्किटेक्टकडून लेखी मागा.

मुंबईत एवढे पंप बसवले तरी पाणी का तुंबतं?

मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने होती, तीही समुद्राला ओहोटी धरून. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ५० ची करायला सांगितली, कामाला जोर आला तो २६ जुलै २००५ नंतर, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडल्यावर. समुद्रात पाणी सोडणारी १८६ तोंडं आहेत, त्यातली जेमतेम सहा भरतीच्या पातळीच्या वर. म्हणजे भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आले की दारं बंद, फक्त पंपांवर भरवसा. हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथले पंप काम करतात, हिंदमाताला तर पाणी साठवायला जमिनीखाली टाक्या केल्यात आणि तिथे आधीपेक्षा बरं आहे. पण तासाला ५० ची गटारं आणि तासाला ८०-१०० चा पाऊस, उरलेलं रस्त्यावरच थांबणार. थांबू द्यायला मोकळी जमीन ठेवली असती तर ते मैदानात थांबलं असतं.

बेसमेंट पार्किंग आहे. काय काय तपासू?

पावसाच्या आधी हे बघा, सगळं एका रविवारी होतं. रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंचवटा आहे का, दरवेळी रस्ता वरून नवीन थर मारून उंच करतात त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा उंचवटा आता रस्त्याच्या खाली गेलेला असतो. मीटर रूम आणि पॅनल कुठे आहेत, खाली असतील तर वर घ्यायचा खर्च पहिला करा, बाकी रंगरंगोटी नंतर. ड्रेनेज लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे का, नाहीतर बाहेरचं गटार भरलं की तुमच्या चेंबरमधून उलटं वर येतं, ग्राउंड फ्लोअरच्या बाथरूममधून सुद्धा. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उंच आहे का. डिवॉटरिंग पंप (साचलेलं पाणी उपसायचा) चालू करून बघा, नुसता आहे म्हणून खूश होऊ नका, आणि त्याची लाइन जनरेटरवर आहे ना तेही. रेड अलर्ट आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची हे वॉचमनला लिहून द्या. आणि पाणी शिरायला लागलं की गाडी काढायला खाली पळू नका, माणसं त्यातच अडकतात.

पूर्ण आवारात पेव्हर ब्लॉक टाकावेत का? चिखल होतो हो.

चालायच्या वाटेवर टाका, बाकी माती राहू द्या. काँक्रीटच्या बेडवर बसवलेल्या पेव्हरमधून पाणी मुरत नाही, खाली नुसती खडी-वाळू असेल तर थोडं मुरतं. झाडाच्या बुंध्यापर्यंत तर अजिबात नको, राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात २०१३ मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलंय. मुळांचा गळा आवळायचा आणि जूनच्या वादळात झाड गाडीवर पडलं की झाडाला शिव्या घालायच्या.

पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, गार्डन आहे की आमच्या. ते चालत नाही?

दिसायला चालतं. दीड-दोन फूट मातीत हिरवळ आणि चाफा जगेल, वड-कडुलिंब नाही. सावली देणारं झाड खऱ्या जमिनीत लागतं, करंज, कडुलिंब, बहावा, ताम्हण लावा, आणि फांद्या छाटायच्या असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढा.

रेन वॉटर हार्वेस्टिंग आमच्याकडे आहे, तरी टँकर का लागतो?

कारण बहुतेक ठिकाणी ते पूर्णत्वाचा दाखला मिळण्यापुरतं असतं. मुंबई आणि काही मोजकी ठिकाणं सोडून राज्यात लागू असलेल्या यूडीसीपीआर या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला ते सक्तीचं आहे, म्हणून पाइप बसवतात, पुढे त्याकडे कोणी बघत नाही. पावसात टेरेसचा पाइप हाताने हलवून बघा, पुष्कळदा तो रिचार्ज पिटमध्ये (पाणी मुरवायच्या खड्ड्यात) जातच नाही, कोणी प्लंबरने कधीतरी गटाराला जोडून दिलेला असतो. फिल्टरमधली खडी काढून धुवा, पहिल्या एक-दोन पावसाचं घाण पाणी बाहेर सोडा, मग बोअरला जोडा. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस मीटरचा टेरेस आणि पुण्याचा साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, सात लाख लिटर. वाया जाणारं सोडलं तरी साडेपाच लाख, दहा हजारी टँकर पंचावन्न. बोअरखालचा खडक कसा आहे त्यावर किती परत मिळेल ते ठरतं, त्यामुळे सगळेच्या सगळे टँकर बंद होतील असं मी कोणाला सांगत नाही. चालू यंत्रणा असेल तर पुणे मनपा मालमत्ता करातही सूट देते, ती घ्या.

जुने वाडे किती गार असायचे. तसंच परत बांधायला काय हरकत आहे?

वाडा गार होता तो जाड भिंती, मधला चौक आणि दोनच मजले यामुळे. बारा मजली टॉवरला चौक पाडला तर तो डक्टच होतो. घेण्यासारखं आहे ते वेगळं: कोकणातल्या घराची पडवी आणि लांब पुढे आलेलं छप्पर, भिंतीवर ना ऊन पडत ना पाऊस. तीच गोष्ट आजच्या खिडकीवर अडीच फुटी छज्जा म्हणून येऊ शकते. येत नाही, कारण ब्रोशरमध्ये बिल्डिंग गुळगुळीत दिसली पाहिजे.

रिडेव्हलपमेंटला चाललोय. बिल्डरकडे काय मागायचं?

सगळे जास्त कार्पेट आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम) मागतात, मागा. पण त्याच करारात हे लिहून घ्या: टेरेसला इन्सुलेशन, बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या, आणि काँक्रीटच्याच असतील तर त्यांना बाहेरून इन्सुलेशन, प्रत्येक खिडकीला छज्जा, प्रत्येक फ्लॅटला दोन बाजूंनी हवा, मीटर रूम रस्त्याच्या पातळीच्या बरीच वर, आणि कडेच्या मोकळ्या जागेतला निदान एक सलग पट्टा खाली बेसमेंट नसलेला, झाडांसाठी. प्लॅन मंजुरीला जायच्या आधीच मागा, नंतर "आता सँक्शन झालं" हे उत्तर ठरलेलं असतं. ग्रीन रेटिंगची पाटी मिळाली तर छान, पण पाटीत काय काय मोजलंय ते वाचल्याशिवाय तिच्यावर हरखून जाऊ नका.

टॉप फ्लोअरवाल्यांसाठी सगळ्यांनी टेरेसचा खर्च का करायचा?

टेरेस सोसायटीचा आहे, त्यांचा नाही, गळला तरी दुरुस्ती सोसायटीनेच करायची असते. तेव्हा वेगळा "कूल रूफ" म्हणून ठराव आणू नका, पडतो. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवाल तेव्हाच त्यात वरचा थर पांढरा असावा आणि त्याचा रिफ्लेक्टन्स लेखी द्यावा एवढी एक ओळ घाला, खर्चात फार फरक येत नाही. कोटेशनं डिसेंबरात मागवा, काम फेब्रुवारीत करा. एप्रिलमध्ये सगळ्यांना एकदम जाग येते आणि तेव्हा ना कॉन्ट्रॅक्टर मिळतो ना माणसं.